वाटीवर नाव, मांजराचे काय?

मराठी घरातल्या भांड्यांच्या मांडणीवर एकदा सावकाश नजर टाकावी. फुलपात्रावर आजीचे नाव, तबकावर आत्याचे, डब्याच्या झाकणावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली लग्नाची तारीख. वाटी शेजारी गेली, हळदीकुंकवाला गेली, सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर तिसऱ्या मजल्यावर गेली, तरी ती फिरून आपल्या घरी यावी एवढ्यासाठी आपण तिच्या बुडाशी नाव कोरून घेतो. स्टीलच्या एका वाटीची किंमत ती काय! पण ती हरवली तर गृहिणीला चुकल्याचुकल्यासारखे होते.

आता त्याच घरातली दुसरी एक वस्तू पाहा. ती स्वतःच्या पायांनी बाहेर जाऊ शकते, खिडकीतून उडी मारू शकते आणि घाबरली म्हणजे आपल्या हाकेला ओसुद्धा देत नाही. तिच्यावर मात्र एक अक्षर नसते. ही वस्तू म्हणजे मांजर. (‘वस्तू’ या शब्दाबद्दल मार्जारप्रेमी वाचकांनी रागावू नये. मांजरे घरातल्या माणसांना मऊ आसनाहून अधिक काही समजत असतील असे वाटत नाही. तेव्हा फिट्टंफाट झाली.)

कुत्र्याचे तसे नाही. कुत्रा पाळला की पट्टा आला, साखळी आली, महानगरपालिकेचा परवाना आला. ‘बिल्ला’ हा शब्दच आपल्याकडे अधिकाराचा आहे. कचेरीतल्या पट्टेवाल्याच्या छातीवर पितळी बिल्ला, रेल्वेच्या हमालाच्या दंडावर बिल्ला, तसा कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला. मांजर या सरकारी जगाबाहेर राहिले. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली मांजरांसाठीही परवान्याचा ठराव केला, तेव्हा कित्येकांना हसू आले. मांजराने कुणाचा परवाना घेऊन आजवर काही केले आहे काय?

मांजराच्या गळ्याचा आणि आपल्या साहित्याचा संबंध काय तो एकच: उंदरांची सभा आणि तिथला तो सुप्रसिद्ध प्रश्न. पण घंटा बांधावी ती उंदरांच्या सोयीसाठी. खुद्द मांजराच्या सोयीसाठी त्याच्या गळ्यात काय बांधावे, याचा विचार कुठल्या सभेत झालेला नाही. दागिने मात्र त्याला पुष्कळ मिळाले. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये प्राचीन इजिप्तमधली ब्राँझची एक मांजर आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. तिच्या कानांत आणि नाकात सोन्याच्या बाळ्या आहेत. आमच्याकडेही हौशी मंडळी मांजराला लाल फीत बांधतात, मणी ओवतात, लहानसे घुंगरू लावतात. हे सारे छान दिसते. पण मांजर हरवले की यातले काहीही बोलत नाही. फीत पाहून कळते एवढेच की हे कुणाचे तरी आहे. कुणाचे, ते कळत नाही.

हरवलेल्या मांजराच्या बाबतीत याच एका गोष्टीवर सारे अवलंबून असते.

आमच्या वसाहतीतली काही वर्षांपूर्वीची हकीगत सांगतो. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांची करड्या रंगाची मनी घराबाहेर सहसा पडत नसे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्या मैदानात फटाक्यांची माळ लागली आणि मनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून गेली. बाईंनी दारोदार विचारले, कागद लिहून जिन्यात चिकटवले. मनी होती कुठे? मैदानापलीकडच्या इमारतीत, एका बिऱ्हाडाच्या गॅलरीत. त्या मंडळींनी तिला दूधभात घातला, पोते अंथरून दिले. त्यांना वाटले, गल्लीतलेच एखादे मांजर आवाजाला भिऊन आले असेल. अकरा दिवस ती तिथे राहिली. मग ती मंडळी गावी जायला निघाली. मागे हिची आबाळ नको म्हणून त्यांनी तिला पिशवीत घालून मासळीबाजाराजवळ नेऊन सोडले. तिथे पोटाला तरी मिळेल, या विचाराने. ही गोष्ट बाईंना कळायला आणखी आठवडा गेला. मनी मिळाली नाही.

या हकीगतीत वाईट माणूस कुणीच नाही, हे मला फार लागते. खाऊ घालणारेही भले आणि शोधणाऱ्याही भल्या. मध्ये होते एक मैदान, आणि नव्हता तो दहा आकड्यांचा एक नंबर.

आपल्याकडे हा प्रश्न परदेशांपेक्षा अधिक बिकट आहे. तिथे रस्त्यात मांजर दिसले की ते कुणाचे, असा प्रश्न लोकांच्या मनात येतो. आपल्याकडे मांजर घरचे असते तसे गल्लीचेही असते. चार घरी दूध पिते आणि पाचव्या घरी झोपते. गल्लीतल्या ज्या मांजरांची नसबंदी झालेली असते, त्यांच्या कानाचे टोक शस्त्रक्रियेच्या वेळी, गुंगीत असतानाच, किंचित छाटतात. तो कान म्हणजे त्यांचा बिल्ला. त्यावरून त्यांना पुन्हा कुणी शस्त्रक्रियेसाठी पकडत नाही. म्हणजे आज गल्लीतल्या मांजराला खूण आहे आणि घरच्या मांजराला नाही! अशा स्थितीत बिनबिल्ल्याचे मांजर पाहून कुणीही सज्जन माणूस ‘हे बेवारशी’ असेच समजणार.

वाचणारा कोण?

बिल्ला निवडायला निघालेली मंडळी आधी दुकानात रंग पाहतात, आकार पाहतात. हृदयाचा घ्यावा की माशाचा यावर घरात दोन तट पडतात. माझ्या मते पहिला प्रश्न निराळा आहे. बिल्ला हे एक पत्र आहे आणि ते आपण अनोळखी माणसाला लिहितो आहोत. तेव्हा हा अनोळखी माणूस कोण, हे आधी ठरवावे.

त्याचा पत्ता काढणे तितके अवघड नाही. हरवलेल्या १,२१० मांजरांच्या मालकांकडून परदेशात माहिती गोळा करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे एकतृतीयांश मांजरे सात दिवसांच्या आत जिवंत परत मिळाली. वर्षभरात ६१ टक्के मिळाली. जी मिळाली त्यांतली ७५ टक्के तर निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच होती. ५०० मीटर म्हणजे किती? कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला, पलीकडच्या इमारतीचा पहारेकरी, पहाटेचा दूधवाला, झाडूवाल्या बाई आणि शाळेतून येणारी मुले, एवढाच तो मुलूख. आपल्या पत्राचे वाचक हेच.

या वाचकाला मांजराच्या नावाशी काही कर्तव्य नाही. ‘राजकुमारी’ किंवा ‘श्रीमंत बाजीराव’ हे नाव बिल्ल्यावर ठसठशीत कोरले आणि नंबर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत घातला, तर आपली हौस भागते, पण पत्र पोचत नाही. शिवाय नावाने हाक मारली म्हणून मांजर येते हा समज घरच्यांचा. परक्या माणसाला तो अनुभव येण्याची शक्यता कमीच. म्हणून सर्वांत मोठ्या अक्षरांत नंबर घालावा. खाली दुसरा नंबर. जागा उरल्यास इमारतीचे नाव. त्यानंतरही जागा उरली तर खुशाल ‘श्रीमंत बाजीराव’.

दुसरा नंबर कुणाचा, याचाही विचार हवा. पुष्कळ घरांत नवऱ्याचा एक आणि बायकोचा एक असे घालतात. दिवाळीच्या सुटीत दोघेही एकाच गाडीतून कोकणात गेलेले असतात आणि घाटात दोघांचेही फोन लागत नाहीत! त्यापेक्षा एक नंबर घरातला आणि दुसरा, तयारी असेल तर, शेजाऱ्याचा घालावा. ज्याच्याकडे आपण किल्ली ठेवतो त्याचा. मांजराला रोजचे औषध चालू असेल तर मागल्या बाजूला ‘औषध चालू’ एवढे दोन शब्द पुरेत. ते वाचून माणूस उद्याचा फोन आज करतो.

आता लिपीचा प्रश्न. मी मराठीचा अध्यापक. वर्गात देवनागरी आकड्यांसाठी भांडणारा. तरीही बिल्ल्यावरचे आकडे इंग्रजी असावेत असेच मी म्हणेन. पलीकडच्या इमारतीचा पहारेकरी ओडिशाचा असेल, परिचारिका केरळची असेल. आपला ‘१’ त्यांना नऊसारखा दिसतो आणि ‘५’ पाहून ते चार लावतात. मग फोन जातो तिसऱ्याच घरी. भाषेचा अभिमान अन्यत्र दाखवायला पुष्कळ जागा आहेत. ‘फोन करा’ हे दोन शब्द मात्र मराठीत जरूर कोरावेत. मराठी वाचणाऱ्याला त्यांतला आर्जव समजतो.

धातू कोणता?

बिल्ला रुपयाच्या नाण्याएवढा असला की पुरे. कुत्र्याचा जाड बिल्ला मांजराच्या गळ्यात घातला तर ते पाणी पिताना वाटीवर आपटतो आणि मांजर वैतागते.

अॅल्युमिनियम हलके आणि स्वस्त. पण नरम, त्यामुळे अक्षरे लवकर झिजतात. पितळ दिसायला सुंदर. मात्र काळे पडते, अधूनमधून चिंचेने किंवा लिंबाने घासावे लागते. स्टेनलेस स्टील कठीण आणि टिकाऊ. नित्याच्या वापरासाठी मला तेच बरे वाटते. प्लास्टिक हलके खरे, पण त्यावर छापलेली अक्षरे पुसट होत जातात. धातू कोणताही असो, अक्षरे छापलेली नकोत, कोरलेली हवीत. कोरलेले अक्षर मळले तरी बोटाला लागते.

गळ्याखाली लोंबणाऱ्या बिल्ल्याखेरीज पट्ट्यावरच सपाट बसणारी पट्टीही मिळते. ती वाजत नाही, कशात अडकत नाही. शांत स्वभावाच्या मांजराला ती फार मानवते. लोंबता बिल्ला घेतलात तर तो किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशा दुहेरी वळ्याच्या कडीत अडकवावा. साधा आकडा ताणला की उघडतो. एक लहानशी नळीही मिळते, आत कागदाची गुंडाळी घालायची. कल्पना गमतीची आहे. पण नळीचे झाकण सैल होते, कागद भिजतो, आणि मांजराच्या गळ्यातली नळी उघडून आत पत्र शोधण्याइतकी चिकाटी गुप्तहेर कथांच्या वाचकांतच आढळते. मोबाइलने टिपायचा क्यूआर कोडचा चौकोन असलेले बिल्लेही निघाले आहेत. त्यात माहिती पुष्कळ मावते, पण वाचायला तसा फोन हवा, इंटरनेट हवे आणि ती सेवा चालू राहायला हवी. तो घ्यावाच वाटला तर शेजारी साधा नंबरही कोरून घ्यावा.

कोरायचे कुठे, असे विचाराल तर आपल्या भांड्यांच्या दुकानात. धनत्रयोदशीला आपण एखादे भांडे घ्यायला जातोच. तिथे विजेच्या लेखणीने नाव घालणारा कारागीर बसलेला असतो. त्याच्यापुढे स्टीलची चकती ठेवा. मांजराचा बिल्ला म्हटल्यावर तो हसेल, पण अक्षर चांगले काढील. दहा आकडे तेवढे कागदावर सुवाच्य लिहून न्यावेत.

पट्ट्याची पारख

बिल्ला चांगला आणि पट्टा चुकीचा, तर मात्र लाभापेक्षा धोका अधिक. मांजर झाडावर चढते, गजांतून शिरते, पाण्याच्या टाकीमागे घुसते. पट्टा खिळ्याला अडकला आणि सुटला नाही तर फास बसू शकतो. म्हणून मांजरासाठी जोराचा हिसका बसताच आपोआप सुटणारा पट्टा घ्यावा. दुकानात तो ब्रेकअवे या नावाने मिळतो. घेताना तो दोन्ही हातांनी ओढून पाहावा. न सुटला तर दुकानदाराला परत द्यावा. कुत्र्याच्या पिल्लाचा पक्क्या बकलाचा पट्टा मांजराला घालू नये. नुसत्या इलॅस्टिकचा पट्टाही जपून. मांजर पुढचा पाय त्यातून बाहेर काढते आणि मग काखेत पट्टा रुतून जखम होते.

घट्टपणाचे माप सोपे आहे: पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज सरकावीत. पट्टा घालताना मांजर मान ताठ करते, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे. वाढत्या पिल्लाचा पट्टा तर दर आठवड्याला तपासावा.

‘आमचे मांजर पट्टा ठेवणारच नाही’ असे पुष्कळ लोक आधीच ठरवून टाकतात. अमेरिकेत लिंडा लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३८ मांजरांना पट्टे घालून सहा महिने पाहिले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ३९१ मांजरांनी, म्हणजे जवळजवळ ७३ टक्क्यांनी, पट्टा शेवटपर्यंत ठेवला. पट्टा कशात तरी, तोंडात किंवा पुढच्या पायात अडकण्याचा प्रकार १८ मांजरांच्या बाबतीत घडला, म्हणजे सुमारे ३.३ टक्के. मौजेची गोष्ट अशी की, मांजर पट्टा ठेवील अशी मालकाची आधीपासून अपेक्षा होती की नव्हती, यावर यश पुष्कळसे अवलंबून होते. मुलांच्या बाबतीत शिक्षकांना हे ठाऊक असते.

पहिल्या दिवशी मांजर उलटे चालेल, लोळेल, आपल्याकडे अपमानित नजरेने पाहील. जेवणाच्या आधी पट्टा घालावा, खाण्यात लक्ष गुंतले की पाच-दहा मिनिटे राहू द्यावा, मग काढावा. दोन-चार दिवस वेळ वाढवत न्यावी. आपण घरात असतानाच हे शिक्षण उरकावे.

घुंगरू लावावे की नाही? पक्ष्यांची दया येत असेल तर लावावे. इंग्लंडमधल्या २००५ सालच्या एका अभ्यासात घंटा लावलेल्या मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४१ टक्क्यांनी आणि उंदरांसारखे प्राणी ३४ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे उंदरांच्या त्या सभेतला ठराव अगदीच चुकीचा नव्हता! पण घुंगरू म्हणजे बिल्ला नव्हे, हे विसरू नये.

कातडीखालचा बिल्ला

सुटणारा पट्टा एखादे दिवशी सुटणारच. तो त्याचा गुण आहे. मग उरते ती मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चकमकीत नळी पशुवैद्य सुईने दोन्ही खांद्यांमधल्या कातडीखाली घालतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ धरले की एक १५ आकडी क्रमांक उमटतो. तो क्रमांक ज्या नोंदवहीत आपल्या नावापुढे लिहिलेला असेल तिथून आपला पत्ता लागतो. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात शेवटी तपासलेल्या ४७८ चिपांपैकी ४७७ चालू होत्या. इंग्लंडमध्ये तर १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला चिप बसवणे कायद्याने सक्तीचे झाले. घरातच राहणाऱ्या मांजरालाही.

पण दोन गैरसमज काढून टाकावेत. चिप मांजर कुठे आहे ते सांगत नाही. ती फक्त ते कुणाचे आहे ते सांगते. आणि चिप बसवून क्रमांकाची नोंद केली नाही, किंवा घर बदलल्यावर नवा पत्ता कळवला नाही, तर ती मुकीच राहते. शिवाय इस्त्रीवाल्याकडे वाचकयंत्र नसते. म्हणून चिप दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी आणि बिल्ला गल्लीतल्या माणसासाठी. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

‘आमची मनी घराबाहेर जातच नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी आधी दिवाळीचा विचार करावा. माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो; मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. सुतळी बाँबचा दणका आपल्याला असह्य होतो, तर तिचे काय होत असेल! नेहमी बाहेर जाणाऱ्या मांजराला निदान गल्ली ठाऊक असते. घरकोंबड्या मनीला जिन्याचा कठडाही परका. म्हणून बाहेर न जाणाऱ्या मांजरालाच बिल्ल्याची गरज अधिक. वसुबारसेच्या आधीच पट्ट्याची सवय झालेली असावी. फटाके सुरू होण्यापूर्वी खिडक्या लावून, आतल्या खोलीत पाणी, मातीचे घमेले आणि अंथरूण ठेवून तिला तिथे ठेवावे.

बाळाच्या जन्मानंतर सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत. या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. साऱ्या जगाच्या कपाळी लिहिणारीला पाठीवर वाहणाऱ्या या प्राण्याच्या स्वतःच्या कपाळी काय लिहिले आहे, ते आपल्याला वाचता येत नाही. गळ्यात काय लिहायचे, ते मात्र आपल्या हाती आहे.

बिल्ला कोरून आणलात की लगेच मांजराच्या गळ्यात घालू नका. आधी तो घराबाहेरच्या कुणाच्या तरी हाती द्या. पहारेकऱ्याच्या द्या, इस्त्रीवाल्याच्या द्या. जिन्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली त्याला तो वाचू द्या आणि त्यावरचा नंबर लावायला सांगा. आपला फोन वाजला, तर बिल्ला चांगला झाला.